वेळ अमावास्येच्या तीन कॅसेटी

"सिस्टर, आपल्याकडं भुताचे सतरा हैत," बसवराज हत्तुरे म्हणाला आणि त्यानं काउंटरवर कॅसेटींची चवड लावायला घेतली. "पण खरं भ्यायला लावणारे चारच. बाकीचे नुसतं दार वाजवतात."

"तुम्ही बघितलेत सगळे?" महादेवीनं विचारलं.

"मी? छ्या! एकपण नाही. मला दुकान बंद करून ओढ्यापलीकडं एकट्याला जायचं असतंय."

"मग भीतीचा कुठला ते कळतं कसं?"

"सोपं हाय की. कॅसेट परत आली की मी बघतो, कुठं थांबलीय. शेवटपर्यंत जाऊन आली, म्हणजे लोकांनी जेवत जेवत बघितला. मधेच थांबून आली, म्हणजे कुणीतरी उठून बंद केला." त्यानं चवडीतून चार कॅसेटी बाजूला काढल्या. "ह्या चार मधेच थांबून येतात. दर वेळी."

महादेवीचे डोळे चमकले. "मग ह्यातल्याच तीन द्या."

"थांब गं," रझियाताई म्हणाली. "निवडायचं कुणी, ठरलंय ना?"

मग दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. बसवराजही बघायला लागला. मी चौघांत सगळ्यात बारीक, आणि दुकानात शिरल्यापासून तोंडातून शब्द काढला नव्हता.

"ह्या निवडणार?" तो म्हणाला. "नाव काय म्हणायचं सिस्टर तुमचं?"

"वाघमोडे," महादेवीनंच सांगितलं आणि ती तोंडाला पदर लावून हसली.

त्या दिवशी वेळ अमावास्या होती. सोलापूर जिल्ह्याच्या त्या टोकाला, कर्नाटकाची हद्द जिथं हाकेच्या अंतरावर आहे, तिथं तिला येळवस म्हणतात. मार्गशीर्षातला शेताचा सण. सकाळीच अख्खं गाव गाड्या जुंपून शेतात जातं, कडब्याची कोप करून पूजा करतं, भज्जी आणि आंबील पोटाला तड लागेपर्यंत खातं आणि दिवस मावळताना परततं. आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात त्या दिवशी ओपीडीत कुत्रं फिरकत नसे. निम्मा स्टाफ रजेवर. नर्सिंग स्कूलच्या ज्या मुलींची गावं जवळ, त्या घरी गेलेल्या. आम्ही लांबच्या, किंवा ड्यूटीमुळं अडकलेल्या, अशा चौदाजणी होस्टेलवर राहिलो होतो. साल अठ्ठ्याऐंशी. मी एकोणीस वर्षांची, पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी.

टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणून अमावास्येच्या रात्री भुताचे सिनेमे बघायची कल्पना महादेवी बिराजदारची. माझ्याच खोलीत राहायची ती. दणकट, मोठ्या आवाजाची, घरात कानडी बोलणारी. परवानगी मागायला होम सिस्टरकडं तीच गेली. होम सिस्टर म्हणजे होस्टेलवर देखरेख करणाऱ्या. शांता रणभिसे त्यांचं नाव. नगरकडच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, एकट्या. पांढरी साडी, कंबरेला किल्ल्यांचा जुडगा. त्या हसल्या होत्या असं सांगणारी एकही मुलगी होस्टेलात नव्हती. महादेवी नकार ऐकायला गेली आणि पाच मिनिटांत धावत परत आली.

"हो म्हणाल्या! दोन अटी. नाइट ड्यूटीवाल्यांना बोलवायचं नाही. आणि..." तिनं माझ्याकडं बोट केलं. "सिनेमे हिनं निवडायचे. दुसऱ्या कुणी निवडले तर टीव्ही आल्या पावली परत."

"मी?" मी म्हणाले. "मी का?"

"मला काय ठाऊक? मी विचारलं तर म्हणाल्या, तू गेलीस तरी चालेल आता."

मला मात्र मनातून वाटलं, ही शिक्षा आहे.

कारण दहा दिवसांपूर्वी काय झालं होतं ते होस्टेलातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मी स्त्रियांच्या वॉर्डात रात्रपाळीला होते. नऊ नंबरच्या खाटेवरच्या आजी पहाटे गेल्या. माझ्या आयुष्यातला तो पहिला मृत्यू. रझिया तांबोळी तिसऱ्या वर्षाची, माझी सीनियर. दोघींनी मिळून आजींना आवरायचं होतं. डोळे मिटवले, जबडा बांधला, तिथपर्यंत मी धरून होते. मग पाठ पुसायला रझियाताईनं त्यांना माझ्या बाजूला कुशीवर वळवलं, आणि माझ्या हातांवर कललेल्या त्या आजींनी उसासा टाकला. मोठा, लांब, दमून घरी आलेलं माणूस टाकतं तसा.

मी ट्रे टाकून पळाले. पोरी मला शोधत होत्या तेव्हा मी चादरींच्या खोलीत, मळक्या कपड्यांच्या गाठोड्यामागं बसले होते. बाकीचं सगळं रझियाताईनं एकटीनं केलं. त्यावर ती मला एक शब्द बोलली नाही. त्याचंच जास्त लागलं.

त्यानंतर नऊ नंबरच्या खाटेकडं मला बघवेना. रात्री डोळा लागेना. शेवटी मी होम सिस्टरांकडं अर्ज दिला: घरगुती अडचणीमुळं शिक्षण सोडत आहे. त्यांनी तो वाचला, पेपरवेटखाली ठेवला आणि म्हणाल्या, "सण होऊन जाऊ दे. मग सही करते." सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला करमाळ्याची गाडी होती. माझी ट्रंक भरून झाली होती. पोरींत महादेवीला सोडून हे कुणाला माहीत नव्हतं, आणि माहीत असूनही ती अशी वागत होती की जणू मी चार दिवसांच्या सुट्टीवर निघालेय.

"निवडा की सिस्टर," बसवराज म्हणाला. "मला दिवे लागायच्या आत टीव्ही पोचवायचाय."

मी भीतीच्या चार कॅसेटींना हात न लावता उरलेल्या तेरांत शोधायला लागले. मला हवा होता सगळ्यात निरुपद्रवी भुताचा सिनेमा. 'प्यासी बावडी' नावाची एक सापडली. वेष्टनावर लाल शालूतली बाई विहिरीतून वर येत होती, पण ती नटली होती इतकी, की लग्नाला निघालीय असं वाटावं.

"ही कशी आहे?"

"ही शेवटपर्यंत जाते," बसवराज जरा नाराजीनं म्हणाला. "ह्यात गाणीच सहा हैत."

"ही द्या."

महादेवीनं कपाळाला हात लावला.

दुसरीवर त्यानं स्वतःच्या हातानं नाव लिहिलेलं होतं: 'अंधेरे की सास'.

"ह्यात सासू भूत आहे?" मी विचारलं.

"सासू कुठली? अंधारातला श्वास! साँस! टिंब द्यायचं राहिलंय."

"टिंब राहिलं म्हणून सहा महिन्यांत किती बायका घेऊन गेल्या असतील हो ही," रझियाताई म्हणाली आणि बसवराज स्वतःच खो खो हसायला लागला. "खरंय! बायकाच नेतात! आणि परत देताना शिव्या घालतात, सासू कुठंय म्हणून!"

मीही हसले. दहा दिवसांत पहिल्यांदा. ती कॅसेटही घेतली.

"आता तिसरी तरी ह्यातली," महादेवी त्या चारांवर हात ठेवून म्हणाली. "सुशे, तुझ्या पाया पडते. अमावास्येची रात्र हाय, गाणी ऐकायची काय?"

मी त्या चार कॅसेटी उलटून बघितल्या. चौथ्या कॅसेटीवर पांढरी चादर पांघरलेलं प्रेत होतं, चादरीतून बाहेर आलेले पाय, आणि अंगठ्याला बांधलेली चिठ्ठी. 'मुर्दा नंबर सात'.

मी ती झटक्यानं खाली ठेवली.

"ती नको सिस्टर," बसवराज एकदम गंभीर झाला. "ती दवाखान्याची हाय. तालमीतले पैलवान घेऊन गेले होते. आठजण. अर्ध्या तासात परत आणून दिली, आणि सोबतीला मला त्यांच्याबरोबर तालमीपर्यंत जावं लागलं."

रझियाताईनं माझ्याकडं बघितलं आणि चटकन नजर वळवली. "दुसरी घे गं. घाई नाही."

तिची ती नजर मला सहन झाली नाही. मनात आलं, उद्या या वेळेला मी करमाळ्यात असेन. मग दवाखाना काय आणि मुर्दा काय, माझा कुणाशी संबंध उरणार? एक रात्र तर आहे. डोळे मिटून घेईन.

"हीच द्या," मी म्हणाले.

महादेवीनं आनंदानं माझ्या पाठीत असा धपका घातला की मी काउंटरवर आपटले.

रात्री जेवणं आटोपली आणि चौदाजणी कॉमन रूममध्ये जमलो. गाद्या ओढून आणल्या, खिडक्यांवर चादरी टांगल्या, मधोमध परातभर चुरमुरे. बाहेर अमावास्येचा मिट्ट काळोख. चादरी टांगताना लांब शेतांत कुठं कुठं अजून कडब्याच्या चुडी पेटलेल्या दिसल्या होत्या. दिवा मालवला आणि कुणीतरी उगाच "ऊंऽऽ" केलं, तर दुसऱ्या वर्षाच्या दोघी एकमेकींच्या मांडीवर चढून बसल्या.

'प्यासी बावडी' सुरू झाली. नवरी विहिरीत पडली. तीन दिवसांनी रात्री बाराच्या ठोक्याला वर आली. पोरींनी श्वास रोखले. तेवढ्यात अंधारातून रझियाताईचा शांत आवाज आला.

"तीन दिवस पाण्यात होती ना ही? काजळ अजून जागेवर."

एकजण फिसकन हसली.

"आणि फुगली कशी नाही?" दुसरी म्हणाली. "आपल्याकडं गेल्या महिन्यात आली होती ती बघितली असती ह्यांनी तर..."

मग जे सुरू झालं ते थांबेचना. हिरोच्या डोक्याला मार लागला, तर त्याला बांधलेली पट्टी बघून पोरी ओरडल्या, "ट्यूटर बाई असत्या तर सोडून परत बांधायला लावली असती!" डॉक्टर आला, त्यानं हिरोच्या कोटावरूनच नळी लावली आणि "अब खतरे से बाहर है" म्हणाला. "कशावरून?" चौदा आवाज एकदम. सलाइनची बाटली टांगलेली होती आणि थेंब एकही पडत नव्हता. महादेवी उठून पडद्याजवळ गेली आणि बाटलीवर टिचक्या मारायला लागली. भूत बिचारं मागं उभं राहून दात विचकत होतं, त्याच्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं.

त्या हसण्यात दार उघडलं. दारात होम सिस्टर, हातात टॉर्च.

पोरी जागच्या जागी गोठल्या. महादेवी टीव्हीसमोर बोट तसंच धरून उभी.

"आवाज लेबर रूमपर्यंत येतोय," रणभिसे सिस्टर म्हणाल्या. त्यांनी टॉर्च विझवली, आत आल्या, भिंतीला टेकून गादीवर बसल्या आणि थोडा वेळ पडद्याकडं बघून म्हणाल्या, "हे भूत डाव्या पायानं लंगडतंय. मघाशी उजव्यानं लंगडत होतं."

दोन क्षण कुणाला कळलंच नाही की हा विनोद आहे. मग जो हशा उसळला, त्यात परात कलंडली आणि चुरमुरे सगळ्यांच्या केसांत गेले.

'अंधेरे की सास' आम्ही निम्मी बघितली आणि सासू नाही म्हणून बंद केली. तोवर अकरा वाजून गेले होते.

"तिसरा कुठला?" होम सिस्टरांनी विचारलं.

महादेवीनं कॅसेट दाखवली. त्यांनी टॉर्चच्या उजेडात वेष्टन वाचलं, मग माझ्याकडं बघितलं. कॅसेट परत महादेवीच्या हातात दिली.

हा सिनेमा खरंच वेगळा होता. गाणी नाहीत, आरडाओरडा नाही. एक लांब व्हरांडा, टपटपणारा नळ, आणि एक नवी नर्स रात्री एकटी ड्यूटीवर. व्हरांडा आमच्यासारखाच होता. पोरींचं बोलणं आपोआप कमी झालं. मी महादेवीच्या दंडाला धरून बसले होते. ती नर्स एका खाटेजवळ गेली. खाटेवर प्रेत. तिनं चादर काढली, प्रेताला कुशीवर वळवलं.

आणि प्रेतानं उसासा टाकला.

तोच आवाज. अगदी तोच. पडद्यावरची नर्स किंचाळत पळत सुटली, आणि आमच्या खोलीत मात्र कुणी किंचाळलं नाही, कुणी हसलं नाही. अंधारात मला सगळ्यांच्या नजरा जाणवत होत्या.

"हे मात्र खरं दाखवलंय," होम सिस्टरांचा आवाज आला. "छातीत हवा राहिलेली असते. वळवलं की बाहेर पडते. मीही पळाले होते."

कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला.

"तुम्ही, सिस्टर?" महादेवी म्हणाली.

"पहिलं वर्ष. माझ्या वेळचं मिशनचं हॉस्पिटल, लाइट नाही, कंदील. म्हातारे एक गृहस्थ गेले होते. त्यांनी असाच उसासा टाकला. मी कंदील टाकला आणि जी सुटले, ती थेट मेसच्या कोठीघरात. तिथं ज्वारीची मोठी कणगी होती, माणूस उभा मावेल एवढी. तिच्यात उतरले आणि वरून झाकण ओढून घेतलं."

"मग?"

"मग काय, रडता रडता झोप लागली. सकाळी आचारी ज्वारी काढायला आला. त्यानं झाकण उचललं आणि आतून मी उभी राहिले. पांढरे कपडे, पांढरी टोपी, तोंडभर ज्वारीचा भुसा." सिस्टर थांबल्या. त्यांचा आवाज जरासा हलला. "तो माणूस जो ओरडत पळाला, तो आठ दिवस कामावर आला नाही. शेवटी मेट्रन मॅडम मला घेऊन त्याच्या घरी गेल्या, ही जिवंत आहे असं दाखवायला. तर त्यानं दारच उघडलं नाही!"

आणि त्या हसायला लागल्या. रणभिसे सिस्टर! आधी आवाज न करता, खांदे हलवत, मग किल्ल्यांचा जुडगा खुळखुळेपर्यंत. आम्ही सगळ्या गडाबडा लोळायला लागलो. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. महादेवीनं मला कुशीत दाबून धरलं. ती अजून हसतच होती, त्यामुळं मी पण तिच्याबरोबर गदागदा हलत होते.

"मला चक्कर आली होती," रझियाताई अचानक म्हणाली. "पहिल्या वेळी. सीनियरच्या अंगावरच पडले. तिला दोघांना सांभाळावं लागलं, मला आणि त्या मेलेल्याला."

"मग मला तुम्ही बोलला का नाही?" मी विचारलं. दहा दिवस हा प्रश्न मला छळत होता. "मला वाटलं, तुम्ही चिडलात."

"चिडले कुठं? मला वाटलं, बोलले तर तुला जास्त लाज वाटेल." ती ओशाळली. "चुकलंच माझं."

मग एकीमागून एक सुरू झालं. महादेवीनं पहिल्या ऑपरेशनला सर्जनच्या बुटांवर ओकारी केली होती; हे ती वर्षभर लपवून होती. दुसऱ्या वर्षाच्या एकीनं पोस्टमॉर्टेम रूमच्या दारातल्या मांजराला नमस्कार करून "चुकलं माकलं माफ कर" म्हटलं होतं. सिनेमातलं प्रेत पडद्यावर कुणाचा तरी गळा दाबत होतं, मुकाट.

"वाघमोडे," होम सिस्टर म्हणाल्या, "एक सांगते, ते लक्षात ठेव. पुढं कुठंही असलीस तरी. वळवायच्या आधी सांगायचं. 'आजी, कुशीवर करते हं.' जिवंत माणसाला सांगतो तसं. मग उसासा आला तर वाटतं, बरं म्हणाल्या."

पुढं चौतीस वर्षं मी नोकरी केली आणि हे एकदाही चुकवलं नाही.

तेवढ्यात दारावर धाड धाड थाप पडली.

आम्ही चौदाजणी अशा किंचाळलो की बाहेरचा माणूसही किंचाळला. सगळ्यात आधी सावरल्या होम सिस्टर. त्यांनी दार उघडलं. बाहेर वॉर्डबॉय शिवलिंग, छातीवर हात धरून.

"सिस्टर, ट्रॅक्टर आलाय शेतातनं. बाळंतीण हाय. पहिलटकरीण. डॉक्टरीणबाईंना बोलवायला माणूस धाडलाय, पण लेबर रूमला देशमाने सिस्टर एकट्याच हैत, दुसऱ्या रजेवर."

रणभिसे सिस्टरांनी पदर खोचला. "मी येते. कुणीतरी एक चला माझ्याबरोबर." त्यांनी कुणाचंच नाव घेतलं नाही. टॉर्च लावून दारात उभ्या राहिल्या.

मी का उठले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. एवढं आठवतं की महादेवीनं माझा हात सोडला होता आणि मी चपला शोधत होते.

होस्टेलपासून लेबर रूमला जायची वाट पोस्टमॉर्टेम रूमच्या भिंतीला लागून होती. अंधार एवढा की टॉर्चच्या गोलाबाहेर स्वतःचा हात दिसेना. मला वाटलं, सिस्टर धीराचं काहीतरी बोलतील. तर त्या म्हणाल्या, "त्या सासूच्या सिनेमात नेमकं काय झालं गं? मी नीट बघितला नाही." मी सांगता सांगता भिंत मागं पडली.

लेबर रूमच्या बाहेर ट्रॉलीभर माणसं उतरलेली. येळवशीला सगळा गोतावळा शेतात गेला होता, परतताना ट्रॅक्टर चिखलात रुतला आणि तिथंच कळा सुरू झाल्या. एका म्हाताऱ्यानं आंबिलीचं मडकं अजून कडेवर धरलेलं. आत खाटेवर इंदू, जेमतेम माझ्याच वयाची, केसांत वाळलेलं गवत, भीतीनं पांढरी पडलेली. तिनं माझं मनगट पकडलं ते असं, की दुसऱ्या दिवशी काळंनिळं झालं होतं.

"बाई," कळ ओसरल्यावर ती धापा टाकत म्हणाली, "तिकडनं मघाशी बायका वरडायचा आवाज आला. तिथं पण बाळंतपणं चाललीत का? सगळ्यांचं एकदम?"

देशमाने सिस्टरांनी तोंड फिरवलं. मला हसू आवरेना. "नाही गं," मी म्हणाले, "तिथं भुताचा सिनेमा चाललाय."

"आगं बाई! आन् मला टाकून?" ती म्हणाली आणि पुढची कळ आली.

डॉक्टरीणबाई पोचल्या तेव्हा सव्वादोन झाले होते. तीनच्या सुमाराला मुलगी झाली. काळेभोर केस, आवाज थेट बिराजदारांच्या महादेवीसारखा. मी तिला पुसून, गुंडाळून घेतलं तेव्हा ती गप्प झाली आणि एका डोळ्यानं माझ्याकडं बघायला लागली. बाहेर म्हाताऱ्याला सांगितलं, "मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत," तर त्यानं मडकं खाली ठेवलं, मला नमस्कार केला आणि तिथंच व्हरांड्यात सगळ्यांना आंबील वाटायला सुरुवात केली. शिवलिंगला, देशमाने सिस्टरांना, मला.

उजाडायला आलं तेव्हा मी आणि होम सिस्टर लेबर रूमच्या पायरीवर बसलो होतो. थंडी चांगलीच होती. आंबिलीचे पेले हातात.

"सिस्टर, एक विचारू? सिनेमे मीच निवडायचे, असं का म्हणालात?"

"तुझा अर्ज वाचला होता. घरगुती अडचण म्हणे. तुझ्या वडिलांचं पत्र मला आठवड्यापूर्वीच आलं होतं, सगळे मजेत आहेत म्हणून." त्यांनी एक घोट घेतला. "म्हटलं बघू, ही काय उचलून आणते. नुसतेच गाण्यांचे आणले असतेस तर सही केली असती. दवाखान्याचा आणलास, तेव्हा मी ओळखलं, पोरीत धमक आहे. मनातून लढतेय."

मी गप्प राहिले असते तर चाललं असतं. पण रात्रभर सगळ्यांनी आपापलं खरं सांगितलं होतं.

"तसं नाही, सिस्टर. मला वाटलं, उद्या तर जायचंच आहे. मग काय फरक पडतो."

त्या पेला तोंडाजवळ धरून माझ्याकडं बघत राहिल्या.

"म्हणजे माझा अंदाज साफ चुकला?"

"हो."

"तीस वर्षं पोरी सांभाळतेय मी," त्या म्हणाल्या आणि पुन्हा तशाच, आवाज न करता, खांदे हलवत हसायला लागल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले. "बरं. गाडी किती वाजता तुझी?"

"साडेसात."

"आता सहा होतायत. चहा घेऊन निघालीस तर मिळेल. शिवलिंग ट्रंक नेईल स्टँडवर. मी सही करून देते, मनात काही ठेवणार नाही. काय करतेस?"

आत इंदूची मुलगी पुन्हा रडायला लागली होती. तिकडं होस्टेलच्या नळावर कुणीतरी बादली लावली.

"मला झोप आलीय, सिस्टर," मी म्हणाले.

"काय?"

"खूप झोप आलीय."

त्यांनी माझ्या हातातला पेला काढून घेतला. "मग जा, झोप. तक्त्यात तुझी ड्यूटी दुपारी दोनची आहे, स्त्रियांच्या वॉर्डात. उशीर चालणार नाही."

मी अंगावरच्या कपड्यांनिशी आडवी झाले. साडेसातची गाडी केव्हा आली, केव्हा गेली, मला पत्ता नाही. महादेवीनं हलवून बघितलं, कानात ओरडून बघितलं आणि शेवटी तांब्याभर पाणी तोंडावर ओतलं तेव्हा कुठं मला जाग आली. दोनला पाच मिनिटं कमी होती. वेणी अर्धवट, टोपी दातांत, पिना हातात, अशी मी भर उन्हात दवाखान्याचं मैदान तुडवत वॉर्डाकडं पळत सुटले, आणि मागून खिडकीतून महादेवी सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होती, "वाघमोडे, आगं एका पायात माझी चप्पल हाय!"